जागा धरणारे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. तीन पायांचे, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढे, आणि उचलायला सोयीचे म्हणून बैठकीच्या मधोमध चार बोटांची खाच असलेले. सध्या माझा मुक्काम शाळेच्या सभागृहामागच्या कोठीत आहे. एका बाजूला पुठ्ठ्याचे मुकुट भरलेली पेटी आणि दुसऱ्या बाजूला एक फाटका निळा पडदा, जो कधीकाळी समुद्र होता. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, स्टुलाच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार? लोक बसतात, लोक उठतात. पण माझ्यावर कोणी बसत नसे. माझे कामच निराळे होते. ते सांगताना तुम्हाला थोडी भीती वाटेल. मलाही वाटते, म्हणून तर आजवर कोणाला सांगितले नाही.

माझा जन्म चॅपेलच्या एका बाकातून झाला. बाकाची पाठ वाळवीने खाल्ली होती, पण बैठक शाबूत होती. शाळेच्या सुताराने ती कापली, रंधा मारला, तीन पाय ठोकले आणि मला नाटकाच्या बाईंकडे नेऊन दिले. दिवसभर उभ्या असता, जरा बसत जा, असे तो त्यांना म्हणाला. बाईंनी त्याचे आभार मानले आणि मला भिंतीशी ठेवून दिले. अकरा मुलींची नाट्यमंडळी बसवणाऱ्या माणसाला बसायला सवड कुठली? त्या रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत आणि दर दोन मिनिटांनी हात वर करून 'थांबा' म्हणत. मुलींनी त्यांचे नाव थांबाबाई ठेवले होते. बाईंना ते ठाऊक होते आणि त्यांनी ते मुकाट्याने चालवून घेतले होते.

मला काम मिळाले ते गालगुंडामुळे. नाटकातल्या एका मुलीचे गाल फुगले आणि ती पंधरा दिवस घरी बसली. बाकीच्या मुली तालमीत तिची वाक्ये गाळून पुढे जाऊ लागल्या. ती बरी होऊन आली तेव्हा तिला बोलायला फटच उरली नव्हती. ती तोंड उघडायची आणि पुढचीचे वाक्य तिच्यावर येऊन आदळायचे. बाई चिडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक मुलगी गैरहजर होती. बाईंनी मला उचलले, तिच्या जागी मांडले आणि सर्वांना नियम सांगितला. जी आली नाही तिची जागा स्टूल धरेल. त्याच्यावर कोणी बसायचे नाही. तिच्याशी बोलायचे असेल तेव्हा स्टुलाकडे बघायचे. आणि तिचे वाक्य आले की सर्वांनी ते मनातल्या मनात, तिच्याच आवाजात म्हणायचे. ते म्हणून झाल्यावर मगच पुढे जायचे.

तालमीच्या सुरुवातीला मंडळी गोल करून प्रार्थना करत असे. बाईंनी तिलाही एक ओळ जोडली. "प्रभू, इथे आहेत त्यांना सांभाळ. इथे नाहीत त्यांना परत आण." मग सगळ्या आमेन म्हणत आणि तालीम सुरू होई.

मित्रांनो, मी फुशारकी मारत नाही, पण पुढच्या वीस वर्षांत मी राजा झाले, दाई झाले, मेंढी झाले, एकदा तर सबंध आठवडा वादळ झाले. इतक्या भूमिका केल्या आणि एकदाही वाक्य विसरले नाही. एकदा तपासणीला आलेल्या सिस्टरांनी तालीम पाहिली. दहा मुली एका स्टुलाकडे बघून डोळ्यांत पाणी आणताहेत, हे पाहून त्यांना प्रथम हसू आले. पण जाताना त्या माझ्या बैठकीवर हात ठेवून गेल्या. मला मोठा मान वाटला. पण माझा खरा आनंद निराळा होता. ताप उतरलेली, खोकला थांबलेली मुलगी दारातून धावत यायची, मला खाचेत बोटे घालून उचलायची आणि भिंतीशी नेऊन ठेवायची. परत आलेल्या मुलीने मला हटवावे, यातच माझे सार्थक होते.

मग मंडळीत मिरी आली.

मिरी हे तिचे खरे नाव नव्हे. ती बेकरीवाल्याची थोरली मुलगी. अकरा वर्षांची, चणीने लहान आणि बोलायला तिखट, म्हणून मुली तिला मिरी म्हणत. त्या वर्षी बाईंनी स्वतः लिहिलेले नाटक बसवायला घेतले होते. एका गावाला घंटा हवी असते. ओतारी भट्टी पेटवतो, घराघरातून लोक धातू आणून देतात, आणि सर्वांची भांडीकुंडी वितळून एक घंटा होते. शिडी नावाची उंचच उंच मुलगी ओतारी झाली होती आणि मिरी त्याची मुलगी. मिरीला नऊ वाक्ये होती. ती नऊ वाक्ये तिने अशी पाठ केली होती की झोपेतून उठवले तरी म्हणेल. तालीम संपली की ती रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसे. तिला कशावरही पूर्ण टेकून बसणे माहीतच नव्हते. नेहमी काठावर, आता उठेल की मग उठेल अशी.

एका गुरुवारी मिरी आली नाही. ताप आहे, असा निरोप आला. बाईंनी मला तिच्या खुणेवर मांडले. रंगमंचावर प्रत्येकीच्या जागेला खडूची फुली असे. मी मिरीच्या फुलीवर उभे राहिले. मुलींनी प्रार्थना केली, इथे नाहीत त्यांना परत आण म्हटले, आणि तालीम नेहमीसारखी झाली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मुख्य सिस्टर सभागृहात आल्या. त्या दारातून रंगमंचापर्यंत चालत आल्या तेव्हाच बाईंना कळले असावे, कारण त्यांनी हातातली वही मिटली. सिस्टर हळू आवाजात मुलींना सांगू लागल्या की आपली मिरी रात्री देवाघरी गेली. मित्रांनो, तेव्हा एकाही मुलीने सिस्टरांकडे पाहिले नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मला तेव्हा पहिल्यांदा वाटले, आपण बाकच राहिलो असतो तर बरे झाले असते. वाळवीने खाल्ले असते तरी चालले असते.

त्या वर्षी नाटक झाले नाही. सुट्टी लागली, संपली, वर्ग बदलले. नवीन वर्षी सिस्टरांनी बाईंना सुचवले की दुसरे एखादे हलकेफुलके नाटक घ्या. बाई म्हणाल्या, हे अर्धे राहिले आहे, ते पुरे केल्याशिवाय माझ्याने दुसरे होणार नाही. सिस्टरांनी फार ताणले नाही. बाईंचा आवाज त्या दिवसांत असा झाला होता की समोरच्याने वाद घालू नये. त्याच दहा मुली जमल्या. बाईंनी फुल्या आखल्या, मला आणून मिरीच्या फुलीवर ठेवले आणि मुलींना गोल करायला सांगितले.

प्रार्थनेची पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला मुली अडखळल्या. त्यांनी बाईंकडे पाहिले. इथे नाहीत त्यांना परत आण, हे आता म्हणायचे की नाही? खरे तर त्याच वेळी बाईंनी ती ओळ बदलायला हवी होती. पण बाईंनी डोळे मिटले आणि ती ओळ स्वतःच म्हटली. मुली त्यांच्यामागून म्हणाल्या, आमेन झाले आणि तालीम सुरू झाली.

आता ऐका. मिरीचे पहिले वाक्य आले. "बाबा, भट्टी तापली. आता गाव बोलवा." दहाही जणी ते मनात म्हणत होत्या. आणि माझ्या बैठकीच्या पुढच्या काठावर कोणीतरी टेकले.

वजन फार नव्हते. एका लहान चणीच्या मुलीचे असते तेवढे. अंग चोरून, काठावर, आता उठेल की मग उठेल असे. माझ्या पुढच्या पायाखालची फळी करकरली. शिडीने ती ऐकली. तिच्या अंगावर काटा आला, पण बाईंचा नियम पक्का होता, म्हणून ती माझ्याकडे बघून ओताऱ्याचे वाक्य बोलली, "बोलावतो बाळ, बोलावतो." ते ऐकून वजन उठले. पुढच्या वाक्याला पुन्हा आले. मित्रांनो, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी लाकूड आहे. वजन ओळखणे एवढेच मला येते, आणि त्यात माझी चूक होत नाही.

मुलींना काय काय वाटत होते ते त्या मधल्या सुट्टीत एकमेकींना सांगत. एक म्हणे, आपण मनात म्हणतो ते वाक्य खरेच मिरीच्या आवाजात ऐकू येते. दुसरी म्हणे, स्टूल फुलीवरून सरकले होते. मी सरकले नव्हते, हे मात्र शपथेवर सांगते. पण त्या दारापर्यंत जाताना माझ्याकडे पाठ करत नसत.

मिरीला एक धाकटी बहीण होती. सगळे तिला धाकटीच म्हणत. बहिणीपेक्षा उंच, अबोल, मोठ्या डोळ्यांची. ती आता बरोबर अकरा वर्षांची झाली होती. तालमीच्या वेळी ती सभागृहाच्या दाराशी दप्तर घेऊन उभी राही. आत ये असे तिला कोणी म्हटले नाही, आणि तिनेही विचारले नाही. एका दुपारी तिची आई आली. हातावर अजून पीठ होते. तिने बाईंना बाजूला घेतले, पण बाजूला म्हणजे नेमके माझ्याजवळ, म्हणून मला ऐकू आले. तिने सांगितले की घरात अजून मिरीचेच ताट आधी मांडले जाते, मिरीच्याच गोष्टी निघतात, आणि धाकटी समोर बसलेली असते हे कोणाच्या लक्षातच राहत नाही.

मग ती हळूच म्हणाली, "परवा माझ्या तोंडून चुकून थोरलीच्या नावानं हाक गेली, बाई. आणि धाकटी ओ देऊन आली. रडली नाही, काही नाही. नुसती आली, काय पाहिजे म्हणाली. ही पोर आमच्या डोळ्यांदेखत पुसली जातेय. घरी मला जमत नाहीये. इथं तरी तिला कुठं उभं करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला आत घेतले आणि मिरीची नऊ वाक्ये दिली. पण मला हटवायला त्यांचा हात धजेना. त्यांनी धाकटीला माझ्या डावीकडे, दोन पावलांवर उभे केले. सध्या इथून बोल, म्हणाल्या, जागा नंतर घेऊ. ते नंतर काही आले नाही. धाकटी बाजूने बोलायची, बारीक आवाजात. मुली तिचे ऐकायच्या आणि बघायच्या माझ्याकडे. तोंडाने तिला उत्तर देत आणि मनात मात्र मिरीचे वाक्य म्हणत. वजन येत राहिले. धाकटी कधी कधी माझ्याकडे बघे. तिच्या नजरेत भीती नव्हती. उलट मलाच तिची नजर चुकवावीशी वाटे, पण स्टुलाला मान कुठली!

शाळेच्या वार्षिक दिवशी दुपारी नाटक होते. सभागृह गच्च भरले. पहिल्या रांगेत फादर, सिस्टर आणि बेकरीवाले नवराबायको. पडदा उघडायच्या आधी बाईंनी मला उचलून विंगेत, आपल्या पायाशी ठेवले, आणि धाकटी पहिल्यांदाच मिरीच्या फुलीवर जाऊन उभी राहिली.

पडदा उघडला. ओताऱ्याची भट्टी, लाल कागदाचे निखारे, गावकरी. सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. मग ओताऱ्याच्या मुलीचे पहिले वाक्य आले आणि दहाही जणी फुलीकडे वळल्या. वर्षभराच्या सवयीने त्यांच्या नजरा जिथे जायच्या तिथेच गेल्या, माझ्या उंचीवर. तिथे आता धाकटीचे गुडघे होते. सगळे गाव एका मुलीच्या गुडघ्यांकडे टक लावून बघते आहे! प्रेक्षकांत खसखस पिकली. धाकटी त्या हसण्याने गोंधळली. तिने तोंड उघडले, पण शब्द फुटायला उशीर झाला. तेवढ्यात दहाही जणींचे मनातले वाक्य म्हणून संपले. मिरीच्या आवाजात, मिरीच्या वेगाने. आणि शिडी त्या गुडघ्यांना म्हणाली, "बोलावतो बाळ, बोलावतो."

नाटक पुढे गेले.

दुसऱ्या वाक्यालाही तसेच झाले. "ही आईची वाटी. हीसुद्धा टाका." धाकटीच्या ओठांवर ते आले होते, मी पाहिले. पण मुली मनात ते म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, आणि गावकरणीचे वाक्य तिच्यावर येऊन आदळले. लोकांना वाटले असेल, हे पात्र मुकेच आहे. पहिल्या रांगेत तिच्या आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. अशा वेळी वाक्य सांगायचे काम बाईंचे. वही त्यांच्या हातात उघडी होती. मी वर पाहिले तर बाईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. त्यासुद्धा मिरीचे वाक्य म्हणत होत्या.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, मित्रांनो. तेव्हा मला बरे वाटले. मी विंगेत होते, तरी माझी जागा माझीच राहिली होती. सगळ्यांच्या नजरेत तिथे मीच उभे होते, आणि माझ्या काठावर मिरी होती. एक जिवंत मुलगी सगळ्यांसमोर नाहीशी होत होती आणि मी मनात फुलले होते. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

तिसरे वाक्य आले. दहा नजरा पुन्हा खाली गेल्या. धाकटीने त्या नजरांकडे पाहिले, त्या कुठे टेकल्या आहेत ते पाहिले, आणि ती फुलीवर सावकाश उकिडवी बसली. तिचे तोंड बरोबर माझ्या उंचीवर आले. मुलींना तिथे एकाएकी डोळे दिसले. मोठे, ओले, उघडे डोळे. शिडी एक पाऊल मागे सरली. बाकीच्यांच्या मनातले वाक्य मध्येच तुटले. त्या शांततेत धाकटी बोलली, सगळ्यात मागच्या रांगेला ऐकू जाईल असे.

"मला आवाज येतोय, बाबा. तुम्हाला येतो का?"

बोलता बोलता ती उठू लागली. आणि तिच्या डोळ्यांबरोबर दहाही जणींच्या नजरा वर येऊ लागल्या, गुडघ्यांवरून कमरेपर्यंत, तिथून खांद्यापर्यंत आणि मग थेट तिच्या तोंडावर. ती पूर्ण उभी राहिली. शिडीला स्वतःचे वाक्य आठवेना. ती नुसती धाकटीकडे बघत राहिली, जणू ही मुलगी आत्ताच दारातून आली आहे. मग म्हणाली, "येतो, बाळ. आता येतो." त्यातले 'आता' वहीत नव्हते.

उरलेली सहा वाक्ये धाकटीने खणखणीत म्हटली. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा पहिल्या रांगेत तिची आई उभी राहिली आणि कोणाचीही पर्वा न करता तिने धाकटीला हाक मारली, तिच्या स्वतःच्या नावाने. धाकटीने ओ दिली.

पडदा पडल्यावर बाई विंगेतून तिच्याकडे गेल्या. "मी तुला बघितलंच नाही गं. इतक्या दिवसांत एकदाही नाही."

"माहीत होतं, बाई," धाकटी म्हणाली. "म्हणून तर मी खाली बसले."

त्यानंतर बाईंनी मला कधी रंगमंचावर नेले नाही. गैरहजर मुलीची वाक्ये त्या स्वतः मोठ्याने वाचू लागल्या. प्रार्थनाही त्यांनी बदलली. इथे नाहीत त्यांना तुझ्याजवळ जागा दे, असे आता मुली म्हणतात. कोठीच्या भिंतीतून मला ते ऐकू येते. पुढे बाई निवृत्त झाल्या, धाकटी शिकून मोठी झाली, दुसरीकडे गेली. नव्या शिक्षिकेला माझी हकिगत माहीत नाही. तिने मला दोनदा टाकायला काढले होते, पण माळ्यावरचे सामान काढायला उपयोगी पडेल म्हणून परत ठेवले.

मित्रांनो, प्रार्थना बदलली हे मिरीला कोणी सांगितले नसावे. ती अजून येते. सभागृहात तालीम सुरू झाली की माझ्या पुढच्या काठावर ते ओळखीचे वजन टेकते. ती बोलत नाही. भिंतीपलीकडे मुलींचे आवाज चाललेले असतात आणि आम्ही दोघे ऐकत असतो. मला आता तिची भीती वाटत नाही. गेलेल्यांसाठी थांबायचे काम तुम्ही खुशाल माझ्याकडे सोडा. मला दुसरे काही काम नाही आणि माझे वय वाढत नाही. तुम्ही मात्र तुमच्या शेजारी जी कोणी उभी आहे तिच्या डोळ्यांकडे बघा, तिला खाली बसायला लावू नका.

माझे एवढेच मागणे आहे. गेल्या पावसाळ्यापासून माझा पुढचा पाय डुगडुगतो आहे. खिळा गंजला आहे, एवढेच. तुमच्यापैकी कोणी कधी या कोठीत आलेच, तर दोन घाव घालून तो घट्ट बसवा. ती नेहमी काठावर बसते, आणि ती पडेल याची मला धास्ती वाटते.